मुलांच्या शाळेतली मुलं आणि मुलींशी वागणं: भाषणाऐवजी नेमकं काय करायचं?

बाकावरचा_सर

फक्त मुलांच्या शाळांचा विषय निघाला की दुसऱ्या पानावर 'आमच्या वेळी' सुरू होतं आणि धागा वाहून जातो. म्हणून आधीच विनंती, आठवणी नकोत, कृती लिहा. कोणत्या इयत्तेला, किती मुलांना, कोणत्या तासाला काय करायचं आणि त्यात काय बिनसतं.

जुन्या संस्थांमध्ये चित्र साधारण सारखंच असतं. एकाच संस्थेची एक मुलांची शाळा, एक कन्याशाळा, मधे भिंत किंवा एखादी गल्ली. पाचवी ते दहावी मुलगा मुलांतच वाढतो आणि अकरावीला जुलै-ऑगस्टमध्ये एकदम मिश्र वर्गात जाऊन बसतो. बदलापूर प्रकरणाच्या सुनावणीत ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलग्यांना लहान वयापासून समानता शिकवण्याची गरज बोलून दाखवली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी एक व्याख्यान झालं: पाहुणे, श्रीफळ, 'स्त्रियांचा आदर करा', टाळ्या, वंदे मातरम. पुढच्या तासाला मागच्या बाकावरची भाषा जशीच्या तशी.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. या मुलांना मुली 'दिसतच नाहीत' असं नाही. क्लासला दिसतात, सोसायटीत दिसतात, इन्स्टावर तर दिवसभर दिसतात. मुलीबरोबर एखादं साधं काम करणं, वाद घालणं, हरणं, तिचं ऐकून घेणं हे मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही. माझ्या मते प्रश्न तिथे आहे.

---

रोखठोक_रत्नागिरी

सगळ्या शाळा मिश्र करा, विषय संपला. केरळच्या बालहक्क आयोगाने 2022 मध्ये तसा आदेश दिला होता.

---

गणिताच्या_बाई

रोखठोक, मिश्र शाळांना माझा विरोध नाही, पण विषय तिथे संपत नाही. कितीतरी मिश्र शाळांत मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी, डबा वेगळा आणि दंगा करणाऱ्या मुलाला शिक्षा काय, तर 'जा, मुलींच्या बाकावर बस'. सहा वर्षं एका वर्गात बसूनही काम एकत्र होतच नाही. शिवाय जो मुलगा आज आठवीत आहे तो शासननिर्णय येईपर्यंत थांबणार नाही.

---

समुपदेशक_नाशिक

वर्गात काय करायचं तेवढं लिहितो. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

इयत्ता. सातवीचं दुसरं सत्र ते नववीचं पहिलं सत्र. दहावीला कोणीही तास देत नाही आणि देऊही नये. पाचवी-सहावीला शिव्या, चिडवणं आणि घरकाम एवढ्यावर थांबा.

संख्या. 45 मुलांचा वर्ग एकत्र घेऊ नका. निम्मे ग्रंथालयात, निम्मे तुमच्याकडे. 22-23 मुलं गोलात बसली की मागचा बाक उरत नाही, आणि मागचा बाक उरला नाही की निम्मा दंगा तिथेच मिटतो. 35 मिनिटांच्या तासात 5 मिनिटं बसण्यात जातात, म्हणून शक्यतो मधल्या सुट्टीनंतरचा जोडतास मागा. कार्यानुभवाचा मिळतो.

वारंवारता. एका दिवसाच्या शिबिराने काही होत नाही. हरियाणातल्या 314 सरकारी शाळांत या विषयावर मोठा अभ्यास झाला. सातवीपासून सुमारे अडीच वर्षं, दर तीनेक आठवड्यांनी 45 मिनिटांचा एक तास. मुलांच्या मतांत फरक पडलाच, वागण्यातला फरक मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसला. घरकामात हात लावणं वगैरे. कारण उघड आहे, मुलीचं मत बदललं तरी तिला घरून मोकळीक मिळत नाही, मुलग्याला कोण अडवतं? आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या शाळांत 2008 पासून सहावी-सातवीसाठी असाच उपक्रम खेळ, चर्चा, नाट्य यांतून झाला होता. म्हणजे नव्याने शोध लावायची गरज नाही, फक्त सातत्य हवं.

प्रश्नपेटी. सगळ्यांना एकाच वहीचे सारखे चौकोनी कागद, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर 'आज पाऊस आहे' लिहा, पण कागद कोरा नको आणि पेन थांबायला नको. नाहीतर जो लिहितो त्याच्याकडे सगळे बघतात. चिठ्ठ्या त्याच तासाला वाचू नका. घरी नेऊन वर्गवारी करा: शरीर, मैत्री, मोबाइल, भीती. पुढच्या तासाला प्रश्न तुमच्या शब्दांत फळ्यावर लिहा, म्हणजे अक्षर आणि लकब ओळखू येत नाही. चावट चिठ्ठ्या येतातच. त्यातला खरा प्रश्न तेवढा घ्यायचा, विनोद सोडून द्यायचा, 'हे कोणी लिहिलं?' कधीही विचारायचं नाही. एकदा विचारलं की पेटी बंद पडली समजा.

नकार ओळखणं. हा माझ्या मते सगळ्यात कामाचा तास. सुरुवात मुलींपासून करायचीच नाही. 'सायकल दे ना एक फेरी' इथून करायची. एकाने मागायची, दुसऱ्याने तुम्ही दिलेल्या चिठ्ठीतलं उत्तर द्यायचं: 'बघू', 'आत्ता नको', 'दादाला विचारावं लागेल', 'हं', नुसतं गप्प बसणं, विषय बदलणं. बाकीच्यांनी हात वर करून सांगायचं: होकार, नकार की माहीत नाही. सायकलच्या बाबतीत सगळ्यांना सगळं बरोबर कळतं, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. मग तीच उत्तरं 'उद्या क्लासनंतर थांबशील?' या प्रश्नाला लावा. इथे अचानक 'हं' म्हणजे होकार आणि गप्प म्हणजे लाजली, असं म्हणणारे निघतात. मघाशी सायकलच्या वेळी हेच उत्तर नकार होतं, आता काय बदललं? चार-पाच मिनिटं त्यांना आपापसांत भांडू द्या, तुम्ही मधे पडू नका. शेवटी एकच नियम: 'माहीत नाही' वाटलं तर नकार धरायचा.

दुसरा भाग नकारानंतरचा. 'बरं, ठीक आहे' म्हणायचं आणि आधी जे बोलत होतो तिथे परत यायचं. हे तोंडाने म्हणायचा सराव करावा लागतो, नुसतं सांगून होत नाही. तीन गोष्टी करायच्या नाहीत: कारण खोदून विचारणं, मित्राला दूत म्हणून पाठवणं, दुसऱ्या नंबरवरून मेसेज करणं. मुलांच्या शाळेत दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त चालते, कारण सगळी टोळी सोबत असते आणि नकार त्या एकट्याला नाही, टोळीला मिळाल्यासारखा होतो. म्हणून दूतालाही शिकवा: 'तिने नाही सांगितलंय, मी जाणार नाही.'

काय करू नये. नाटुकल्यात मुलाला मुलीचं काम देऊ नका. ओढणी, बारीक आवाज, आणि पुढची दहा मिनिटं वगनाट्य. मुलगा स्वतः म्हणूनच बोलेल असे प्रसंग लिहा.

---

पेठेतली_पूर्वा

शेवटचा मुद्दा अगदी. बारीक आवाज काढून हसणं हेच तर मोडायचंय, आणि आपणच त्याला तास देतो.

एक भर. नकार मिळालेल्या मुलाचं काय, हेही याच तासात यायला हवं. वाईट वाटणारच. त्या संध्याकाळी काय करायचं ते ठरलेलं असावं: एका मित्राला सांगायचं, स्टेटस ठेवायचं नाही, तिचं प्रोफाइल बघायचं नाही, दोन दिवस ग्राउंडवर जायचं. 'तिला दाखवतोच' किंवा 'मी काहीतरी करून घेईन' असं कोणी बोललं तर मित्राने ते स्वतःपाशी ठेवायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. एकतर्फी प्रेमातले हल्ले आपण पेपरात वाचतो. त्यातल्या कितींच्या मित्रांना आधी माहीत असेल, विचार करा.

---

गणिताच्या_बाई

आता शिक्षकांच्या खोलीकडे वळू, कारण मुलं तिथून बरंच शिकतात.

मुलांच्या शाळेतल्या मुलाला रोज भेटणारी परकी स्त्री म्हणजे त्याच्या बाई. बाईंच्या तासाला दंगा झाला की शेजारच्या वर्गातले सर छडी घेऊन येतात, वर्ग शांत, सर जातात. मुलं यातून काय शिकतात? बाईंचं ऐकायचं नसतं, सरांना घाबरायचं असतं. मदत मागितल्याशिवाय सरांनी यायचं नाही आणि आलेच तर वर्गाशी न बोलता बाईंना विचारायचं, 'काही हवंय का?' एवढं शिक्षकसभेत ठरवून टाका. खर्च शून्य.

सरांची भाषा: 'मुलीसारखा रडतोस काय', 'बांगड्या भर', 'बायल्या'. ज्या शाळेत हे पीटीच्या तासाला चालतं तिथे आदराचा तास घेण्यात अर्थ नाही. आणि याचा सगळ्यात जास्त मार त्या एक-दोन मुलांना बसतो जे इतरांसारखे वागत नाहीत, नाचतात, हळू बोलतात. वर्ग त्यांच्याशी कसा वागतो ते बघा. मुलींशी कसा वागेल याचा अंदाज तिथेच येतो.

आणि राखी. काही ठिकाणी उपाय म्हणून कन्याशाळेतल्या मुलींना आणून सरसकट राख्या बांधून घेतात. सणाला माझी हरकत नाही. पण उपाय म्हणून? त्यातून मुलाच्या डोक्यात दोनच कप्पे तयार होतात: बहीण किंवा 'बाकीच्या'. वर्गमैत्रीण, गटप्रमुख, प्रतिस्पर्धी, नुसती ओळखीची, यांना जागाच नाही. 'घरात आया-बहिणी नाहीत का?' हेही त्याच जातीचं. जिचा भाऊ समोर नाही तिच्याशी कसं वागायचं, हा खरा प्रश्न आहे.

---

रोखठोक_रत्नागिरी

राखीबद्दल असहमत. निदान काहीतरी नातं तयार होतं. संरक्षणाची भावना येते.

---

पेठेतली_पूर्वा

संरक्षणाची भावनाच तर घात करते! 'आपल्या कन्याशाळेच्या पोरी' म्हणत गेटवर पहारा, दुसऱ्या शाळेच्या मुलाशी बोलली म्हणून हाणामारी, आणि मग तिच्या घरी चुगली. तिला कोणी विचारलं होतं? मुलग्यांना रखवालदार नेमलं की मुलगी मालमत्ता होते.

---

भूगोल_मास्तर

बाकावरच्या सरांनी 'साधं काम एकत्र' म्हटलंय, त्याची सगळी जुळणी देतो. शेजारच्या कन्याशाळेबरोबर संयुक्त प्रकल्प. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच लिहून ठेवलंय की दोन गट नुसते समोरासमोर आणून भागत नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, एकमेकांवाचून काम अडायला हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. स्नेहसंमेलनातला एकत्र नाच यातल्या निम्म्या अटीही पाळत नाही. तिथे जोड्या लागतात आणि महिनाभर चिडवाचिडवी चालते.

विषय असा निवडा की ज्यात हात गुंततात. मी वृक्षगणना सुचवेन. शाळेभोवतालच्या चार-पाच गल्ल्या, सहा शनिवार, दर वेळी दीड तास.

गट सहा जणांचा, तीन मुलं आणि तीन मुली. पाच मुलांत एक मुलगी असा गट कधीही नको. एका गटात दोनपेक्षा कमी मुली होत असतील तर गटांची संख्या कमी करा. 24 मुलं आणि 24 मुली घेतल्या की आठ गट होतात. निवड हजेरीक्रमाने करा. 'चांगली मुलं' निवडली की ज्यांना गरज आहे ते बाहेर राहतात आणि बाकीच्यांना ते बक्षीस वाटतं. उरलेल्यांचा नंबर दुसऱ्या सत्रात.

कामं सहा: टेप धरणारे दोघं, झाड ओळखणारा, नोंद करणारा, नकाशावर खूण करणारा, आणि सामान सांभाळून परत मोजून देणारा. दर शनिवारी काम एक घर पुढे सरकतं, सहा आठवड्यांत प्रत्येकाकडून प्रत्येक काम होतं. हा फिरता तक्ता पुठ्ठ्यावर लिहून गटाच्या पाटीला बांधा. तो नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत 'तुझं अक्षर छान आहे, तू लिही' होतं. टेप मुलांकडे, वही मुलीकडे, सहाही आठवडे. शिक्षकांच्या ते लक्षातही येत नाही कारण सगळे शांतपणे काम करत असतात.

खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजतात. काठीवर आधीच खडूने खूण करून द्या. टेलरची दीड मीटरची टेप वडा-पिंपळाला पुरत नाही. सुतळी गुंडाळायची, गाठ मारायची, मग सुतळी मोजायची. सुतळी एकट्याला गुंडाळता येत नाही, पलीकडून कोणीतरी हातात द्यावीच लागते. हेच हवंय आपल्याला.

पहिल्या दिवशी 'आपापली ओळख करून द्या' हा कार्यक्रम ठेवू नका. 48 जणांसमोर नाव सांगताना मुलं बावरतात आणि बावरलेला मुलगा विनोद करतो. गटात गेल्या गेल्या हातात सुतळी द्या. नावं दहा मिनिटांत आपोआप कळतात.

कामं फिरती ठेवूनही मुलं मधेच मुलींच्या हातून टेप काढून घेतात, 'दे, मी करतो, लवकर होईल'. वर्गासमोर ओरडू नका. तक्त्याकडे बोट दाखवायचं: 'आज टेप कोणाकडे?' बस.

---

कन्याशाळा_मुख्याध्यापिका

मास्तर, जुळणी उत्तम आहे, पण तुम्ही सगळं मुलांच्या बाजूने लिहिलंत. कन्याशाळेला या प्रस्तावात काय मिळतं? मुलग्यांना माणसाळवण्यासाठी आमच्या मुली म्हणजे शैक्षणिक साहित्य नव्हेत. म्हणून माझ्या अटी.

एक, विषय दोन्ही शाळांनी मिळून ठरवायचा आणि गुण किंवा प्रमाणपत्र दोघांना सारखं. दोन, मुलींना आधी स्वतंत्र बसवून विचारायचं, आणि नको म्हणणारीला कारण विचारायचं नाही. आपण नकार शिकवतोय ना? तीन, एखाद्या मुलाने त्रास दिला तर गट त्याचा बदलेल, तिचा नाही. चार, प्रत्येक वेळी दोन्ही शाळांचे मिळून किमान एक सर आणि एक बाई पूर्ण वेळ हजर. पाच, जागा आलटून पालटून.

आणि सगळ्यांत आधी स्वच्छतागृह. मुलांच्या शाळेत मुलींसाठी ते बहुधा नसतंच. शिक्षिकांचं असतं, त्याला कुलूप, किल्ली कार्यालयात, कारकून जेवायला गेलेला. आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा: आतून कडी लागते का, पाणी येतं का, दिवा, झाकणाचा डबा, कागदी पिशव्या. किल्ली त्या दिवशी बाईंच्या पर्समध्ये. हे नसेल तर मुली दीड तास पाणी न पिता काम करतात आणि दुसऱ्या शनिवारी निम्म्या गळतात. मग सगळे म्हणणार, 'मुलींनाच रस नाही'.

---

भूगोल_मास्तर

मान्य, पाचही. विशेषतः तिसरी. 'तिला दुसऱ्या गटात टाका' हा सोपा मार्ग सगळीकडे घेतला जातो.

---

विज्ञानवाली_वसुधा

स्वच्छतागृहावरून आठवलं. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये ऋतुचक्र सविस्तर आहे. मुलांच्या शाळेत तो भाग बहुतेक वेळा 'घरी वाचा' होतो. तो शिकवा आणि आठवीतच थोडा आधी आणा. आकृतीवर थांबू नका. पॅड उघडून दाखवा, ते चार ते सहा तासांनी का बदलावं लागतं ते सांगा, महिन्याचा खर्च मुलांनाच दुकानात विचारून काढायला लावा, गणित म्हणून. हशा पहिली दोन-तीन मिनिटं टिकतो. तुम्ही हसला नाहीत आणि रागावलाही नाहीत तर विरतो. मग एकच व्यवहाराचा प्रश्न: गटातल्या मुलीच्या कपड्याला डाग दिसला तर? उत्तर: बघत राहायचं नाही, इतरांना दाखवायचं नाही, जवळच्या मैत्रिणीला किंवा बाईंना हळूच सांगायचं, आपण आपल्या कामाला लागायचं.

ज्यांना वर्गात विचारता येत नाही त्यांना सरकारी रुग्णालयातल्या 'मैत्री' क्लिनिकचा पत्ता द्या. किशोरवयीनांसाठीच असतं, मुलग्यांसाठीसुद्धा.

---

मैदानावरचा_दादा

वर्गात न ऐकणारा मुलगा कोचचं ऐकतो. मुंबईत क्रिकेट प्रशिक्षकांना धरून 'परिवर्तन' नावाचा उपक्रम झाला होता. अमेरिकेतल्या एका कार्यक्रमाचा नमुना घेऊन आठवड्याला एक विषय, सरावाआधी थोडा वेळ गप्पा: अपमानाची भाषा, राग, अफवा, हद्द ओळखणं. शाळेला हे सहज जमतं. वॉर्मअपनंतर मुलं घामाघूम बसलेली असतात तेव्हा 10-15 मिनिटं, जास्त नाही. विषय त्या आठवड्यात मैदानावर घडलेल्या गोष्टीला चिकटवा. कॅच सुटल्यावर 'मुलीसारखा खेळतोस' कोणी म्हणालं असेल तर त्याच दिवशी घ्या, सोमवारी नको. एकच पथ्य, कोचच्या तोंडी शिवी असेल तर त्याने हा विषय घेऊ नये. मुलं नंतर नक्कल करतात.

---

काळा_कोट

मोबाइलबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी. नववीच्या मुलांच्या ग्रुपवर एखाद्या मुलीचा फोटो येतो. कधी साधा, त्यावर गुण देण्यासाठी, कधी खासगी, आता एआयने बनवलेलाही. पन्नास जण बघतात, एकही बोलत नाही.

बोलायचं कसं ते वाक्यानिशी शिकवा. ग्रुपवर: 'हे डिलीट कर, तिला विचारलंयस का?' त्याच वेळी टाकणाऱ्याला वेगळा फोन: 'भाऊ, काढ ते, अडकशील.' खासगी फोन जास्त चालतो, कारण ग्रुपवर माघार घेणं त्याला जड जातं. दोघांनी ठरवून बोललं तर आणखी बरं.

आता कायदा, नेमका तेवढाच. 18 वर्षांखालील मुलीचं लैंगिक स्वरूपाचं चित्र जवळ ठेवणं, पुढे पाठवणं गुन्हा आहे: पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 ब. म्हणून 'पुरावा' म्हणून ते बाईंना फॉरवर्ड करायचं नाही आणि बाईंनीही स्क्रीनशॉट घेऊन मुख्याध्यापकांना पाठवायचा नाही. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, वेळ कागदावर लिहून घ्या, फोन जसा आहे तसा ठेवा. पॉक्सोखालचा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि 'शाळेतच मिटवलं' हा स्वतंत्र गुन्हा होतो. मदतीला चाइल्डलाइन 1098. चित्र समाजमाध्यमांवरून हटवण्यासाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, तिथे मूळ चित्र अपलोड करावं लागत नाही.

दुसरं, पाठलाग. भारतीय न्याय संहितेचं कलम 78, 1 जुलै 2024 पासून. मुलीने नको असल्याचं स्पष्ट केल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं त्यात येतं, पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत शिक्षा. मुलगा 18 च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिसरं, 18 खाली संमतीला पॉक्सोमध्ये अर्थ नाही, 'ती हो म्हणाली होती' चालत नाही.

पण हा तास शेवटी ठेवा. कलमांनी सुरुवात केली की मुलं एवढंच शिकतात की मुलगी म्हणजे धोका, लांब राहा. मग 'खोट्या केसेस'वर चर्चा जाते आणि तास हातचा जातो.

---

मेलबर्नचा_माधव

इथली एक गोष्ट उपयोगी पडेल. व्हिक्टोरिया राज्यात कौटुंबिक हिंसाचारावरच्या शाही आयोगाच्या 2016 च्या अहवालानंतर आदरपूर्ण नात्यांचं शिक्षण सरकारी शाळांत पहिल्या इयत्तेच्या आधीपासून बारावीपर्यंत आलं. त्यातली घेण्यासारखी बाब अशी की तास हा एक भाग. नेतृत्व, कर्मचाऱ्यांचं आपापसातलं वागणं, पालक, मदतीची व्यवस्था हे सगळं 'पूर्ण शाळा' म्हणून धरतात. गणिताच्या बाईंनी छडीबद्दल जे लिहिलंय ते हेच.

---

बाकावरचा_सर

उत्तम चाललंय. आता मोजायचं कसं? संस्थाचालक अहवाल मागणार.

---

समुपदेशक_नाशिक

'मुलगा-मुलगी समान आहेत: सहमत/असहमत' असला फॉर्म भरून घेऊ नका. तिसऱ्या तासापर्यंत मुलांना बरोबर उत्तर कळलेलं असतं, सगळे सहमत. त्यापेक्षा डोळ्यांना दिसतं ते मोजा. संयुक्त प्रकल्पात एका गटाजवळ दहा मिनिटं उभे राहा आणि कागदावर रेघा ओढा: मुलगी बोलताना किती वेळा तोडली, शंका आल्यावर मुलाने मुलीला विचारलं का, टेप कोणाच्या हातात. पहिल्या आणि पाचव्या शनिवारी, तेच गट. शाळेत: बाईंच्या तासाला किती वेळा बाहेरून मदत लागली. सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची) 2022 च्या शासननिर्णयानुसार शाळेत असायलाच हवी. तिच्या तक्रारपेटीत सुरुवातीला तक्रारी वाढतात. घाबरू नका, संस्थाचालकांना आधीच सांगून ठेवा. विश्वास बसला म्हणून वाढतात.

---

रोखठोक_रत्नागिरी

राखीवर माझं मत कायम, पण सायकलचा तास करून बघण्यासारखा आहे. पालकांचं काय करणार? घरी आई सगळ्यांचं झाल्यावर जेवते आणि तुम्ही इथे वृक्षगणना करताय.

---

पेठेतली_पूर्वा

रास्त. पालकसभेला वडिलांना नावानिशी बोलवा, नाहीतर फक्त आया येतात. भाषण नको, एकच तक्ता द्या: घरातली वीस कामं, कोण करतं, किती मिनिटं. मुलाने आठवडाभर भरायचा, वडिलांनी सही करायची. मग मुलाने दोन कामं कायमची उचलायची. 'आईला मदत' म्हणून नको. त्याची म्हणून, म्हणजे विसरला तर आईने करायची नाहीत. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात बाबांना भाजी निवडायला बसवलं, तेव्हा केवढी चर्चा झाली होती. चित्रातले बाबा बसले, खरे अजून बसायचेत.

---

भूगोल_मास्तर

पालकांच्या चिठ्ठीचा मसुदा विचारला जातोच, म्हणून देऊन ठेवतो. दोन्ही शाळांचा मजकूर शब्दशः एकच असू द्या, पालक आपापसांत ताडून बघतात.

'इयत्ता आठवीचा वृक्षगणना प्रकल्प आमची शाळा व शेजारील कन्याशाळा संयुक्तपणे घेत आहेत. सहा शनिवार, सकाळी 8 ते 9.30. प्रत्येक गटात तीन मुलगे व तीन मुली. दोन्ही शाळांचे शिक्षक व शिक्षिका पूर्ण वेळ उपस्थित राहतील. विद्यार्थ्यांनी मोबाइल आणू नये. छायाचित्रे फक्त शाळा काढेल व समाजमाध्यमांवर टाकणार नाही. प्रकल्पाची कामे विद्यार्थी आलटून पालटून करतील. सहभाग ऐच्छिक आहे. नसल्यास गुण कमी होणार नाहीत. अडचण असल्यास संपर्क: (दोन्ही शाळांतील एकेका शिक्षकाचे नाव व शाळेचा दूरध्वनी).'

'मुलांना मुलींचा आदर शिकवण्यासाठी' असं चिठ्ठीत कुठेही लिहू नका. कन्याशाळेचे पालक तिथेच थांबतात, आणि मुलग्यांना वाटतं आपल्यावर काहीतरी आरोप आहे. तारखा पहिल्या घटक चाचणीनंतर, सहामाहीच्या आधी. गणपतीचा शनिवार सोडा. निम्मी मुलं गावी असतात आणि उरलेली मांडवात.